ईमॅक्सच्या शेलमध्ये रंगांऐवजी कचरा दिसतोय, कुणी सोडवलंय का?

ऐरोली_साइड

नमस्कार मंडळी,

इथे ईमॅक्स हा टेक्स्ट एडिटर वापरणारे कुणी आहेत का? एम-एक्स शेल (ईमॅक्सच्या आतच कमांड चालवायची जागा) उघडलं की रंगांच्या जागी नुसता कचरा येतोय. एलएस (फाइलींची यादी) मारलं तर फोल्डरच्या नावाआधी ^[[०१;३४एम आणि नावानंतर ^[[०एम. प्रॉम्प्टच्या सुरुवातीला ^[]०; मग युजरनेम, मशीनचं नाव, पाथ, मग ^जी, आणि त्यापुढे पुन्हा तोच प्रॉम्प्ट. म्हणजे प्रत्येक ओळीला माझंच नाव दोनदा. ऑफिसच्या सर्व्हरवर एसएसएचने लॉगिन केलं की त्यात ^[[?२००४एच ची भर पडते, तीही प्रत्येक कमांडला.

साध्या टर्मिनलमध्ये हेच सगळं व्यवस्थित दिसतं, त्यामुळे आणखी चिडचिड होते.

उबुंटू २२.०४, ईमॅक्स २७.१, बॅश. इनिट फाइल (ईमॅक्स उघडताना वाचतो ती सेटिंगची फाइल) माझी नाही. माझ्याआधी हे काम ज्यांच्याकडे होतं त्यांच्याकडून वारसाहक्काने आली आहे. बरीच लांबलचक आहे, आणि तिला हात लावायची टीममध्ये कुणाची टाप नाही.

नेटवर एक उपाय सापडला: टर्म हे व्हेरिएबल एक्सटर्म-२५६कलर करा. केलं. ढिम्म फरक नाही. सध्या टर्मिनलमध्ये लॉग बघतो आणि कॉपी करून ईमॅक्समध्ये आणतो. हे काही खरं नाही.

(मंचाचा रोमनबंदीचा नियम आहे म्हणून कमांडाही देवनागरीत लिहिल्यात. गोड मानून घ्या.)

खाडीचा_बोका

व्हीएस कोड टाक. सुखी हो.

जांभळी_नाका

आला! मी पैज लावणार होतो की पहिला प्रतिसाद हाच असणार.

निमा_नौपाडा

रुमाल टाकून ठेवते. मला शेलमध्ये नाही, पण कंपाइल बफरमध्ये (कंपायलरचं आउटपुट दिसतं तिथे) हाच त्रास आहे. सी प्लस प्लसचा एक एरर आला की ^[[०१;३१एम^[[के अशी रांगोळी आणि त्यात कुठेतरी एरर. वर नेक्स्ट-एरर दाबलं की फाइलवर उडीच मारत नाही.

बेलापूरचे_काका

ऐरोली, उपायाआधी रोग समजून घेऊ, नाहीतर नेटवरच्या ओळी चिकटवत बसशील.

ते ^[ म्हणजे एस्केप, आस्की कोड २७. त्यापुढे चौकोनी कंस, आकडे आणि शेवटी एम अक्षर आलं तर तो रंगाचा किंवा अक्षराच्या जाडीचा हुकूम. ३१ लाल, ३२ हिरवा, ३४ निळा, ०१ ठळक, ० म्हणजे सगळं पूर्ववत. शेवटी कॅपिटल के आलं तर ओळ पुसा, कॅपिटल एच आलं तर कर्सर हलवा. हे हुकूम पाळणं टर्मिनलचं काम. ईमॅक्सचं एम-एक्स शेल हे टर्मिनलच नाही. तो एक साधा मजकुराचा बफर आहे, ज्याच्या मागे बॅश चालू आहे. आतल्या यंत्रणेचं नाव कॉमिंट.

मग प्रोग्रामला कसं कळायचं की समोर कोण बसलंय? त्यासाठी टर्म हे व्हेरिएबल. जेवायला जाण्याआधी यजमानाला आपण सांगतो ना, 'मी कांदा-लसूण खात नाही', तसं. ईमॅक्स प्रामाणिकपणे सांगतो, टर्म = डम्ब. म्हणजे 'मला साधा वरणभात वाढा, कर्सर हलवणं वगैरे जमणार नाही'. समजूतदार प्रोग्राम त्याप्रमाणे साधं आउटपुट देतात. गिट टर्म डम्ब बघितलं की आपणहून रंग बंद करतं, ग्रेपही करतं.

आता नेटवरचा तो उपाय काय करतो? ईमॅक्सच्या वतीने खोटं सांगतो की मला सगळं चालतं. मग ताटात सगळं येणार. कचरा कमी कसा होईल, वाढेलच.

तरीही, नुसते रंग असतील तर ईमॅक्स ते सांभाळतो. अ‍ॅन्सी-कलर नावाची फाइल आहे, ती शेलच्या आउटपुटमधले रंगाचे हुकूम काढून खरे रंग लावते. २३.२ पासून, म्हणजे २०१० पासून, हे मुळातच चालू असतं. तुझ्याकडे २७.१ आहे आणि तरी ^[[०१;३४एम दिसतंय, म्हणजे कुणीतरी ते बंद केलंय.

दोन गोष्टी करून इथे सांग. एक, ईमॅक्स हायफन क्यू (क्यू कॅपिटल) ने उघड, म्हणजे ती वारसाहक्काची इनिट लोड होणार नाही, आणि शेलमध्ये एलएस मार. दोन, तिथेच एको डॉलर टर्म करून काय येतं ते बघ.

खाडीचा_बोका

काका, वरणभात म्हणालात आणि भूक लागली. व्हीएस कोडवाल्यांना ताटात सगळं मिळतं हो, पापड-लोणच्यासकट.

बेलापूरचे_काका

मिळणारच. त्याच्या आत एक्सटर्म डॉट जेएस नावाचं पूर्ण टर्मिनल बसवलंय. ईमॅक्समध्येही तसं पूर्ण टर्मिनल मिळतं, पण ऐरोलीने ते विचारलेलं नाही.

घणसोली_स्लो

मी एवढंच म्हणेन की काकांनी सांगितलेलं सगळं बरोबर असलं तरी हा द्राविडी प्राणायाम आहे. व्हीटर्म (ईमॅक्समधलं पूर्ण टर्मिनल) घाला आणि मोकळे व्हा. आत लिबव्हीटर्म लायब्ररी आहे, एचटॉप, लेस, झेडशेलच्या फॅन्सी थीम सगळं चालतं. एकदा मॉड्यूल कंपाइल करायला सीमेक लागतं, बास. एम-एक्स शेल आता कोण वापरतं?

जांभळी_नाका

मी वापरतो. आणि सोडणारही नाही.

शेल बफर हा मजकूर आहे, हाच त्याचा फायदा. मोठ्ठं आउटपुट आलं तर त्यात कर्सर कुठेही न्या, शोधा, नको त्या ओळी उडवा, मधलीच जुनी कमांड दुरुस्त करून एंटर मारा, पुन्हा चालते. व्हीटर्ममध्ये आधी कॉपी-मोडमध्ये जा, मग बाहेर या. दिवसभर लॉग वाचणाऱ्या माणसाला हा जाच आहे. एचटॉपसाठी मीही व्हीटर्म उघडतो, नाही म्हणत नाही.

घणसोली_स्लो

ज्याची त्याची आवड. माझं म्हणणं ऐरोलीचा वेळ वाचावा एवढंच.

ऐरोली_साइड

काका, केलं.

हायफन क्यू ने उघडल्यावर एलएसचे रंग एकदम बरोबर! फोल्डर निळे, कचरा नाही. सर्व्हरवर गेलो तर ?२००४एच सुद्धा गायब. पण प्रॉम्प्टमधलं ^[]०; तसंच आहे, नाव अजूनही दोनदा.

एको डॉलर टर्म केलं तर एक्सटर्म-२५६कलर. इनिट लोड न होतासुद्धा. हे कुठून आलं?

कोपरी_के

छान, म्हणजे आजार दोन आहेत आणि ते वेगळे पडले.

पहिला: इनिट फाइलमध्ये कुणीतरी अ‍ॅन्सी-कलर काढलंय. कॉमिंट-आउटपुट-फिल्टर-फंक्शन्स असा शोध घे त्या फाइलमध्ये. ?२००४एच गेलं तेही त्यामुळेच, अ‍ॅन्सी-कलर रंगांखेरीजचे तसले हुकूमही निमूट गिळून टाकतं. ते आहे ब्रॅकेटेड पेस्ट, म्हणजे टाइप केलेलं आणि पेस्ट केलेलं वेगळं ओळखायची सोय. बॅश ५.१ पासून मुळातच चालू असतं. तुझ्या मशीनवर दिसत नाही आणि सर्व्हरवरच दिसतं, कारण ईमॅक्स स्थानिक बॅशला हायफन हायफन नोएडिटिंग लावून सुरू करतो, म्हणजे रीडलाइन (टाइप करताना ओळ दुरुस्त करू देणारा बॅशचा भाग) बंद. पलीकडच्या बॅशला हे कोण सांगणार? त्याला एसएसएचबरोबर फक्त टर्मची किंमत जाते, आणि ती तू एक्सटर्म पाठवतोयस. डम्ब पाठवलंस तर रीडलाइन ते स्वतःच बंद ठेवते.

दुसरा: चौकोनी कंस *बंद* होणारा आहे बघ, ^[] असा. तो रंग नाहीच. खिडकीच्या शीर्षकपट्टीवर काय लिहायचं त्याचा तो हुकूम, शून्य आणि अर्धविरामापासून ^जी पर्यंत. उबुंटूच्या मूळ बॅशआरसीमध्ये (बॅश सुरू होताना वाचतो ती फाइल) एक केस आहे: टर्म एक्सटर्मने सुरू होत असेल तर पीएस१ च्या, म्हणजे प्रॉम्प्टच्या, आधी हा शीर्षकाचा तुकडा चिकटव. म्हणून नाव दोनदा. अ‍ॅन्सी-कलरला हा प्रकार कळत नाही, त्यामुळे क्यू ने उघडूनही तो राहिला.

तेव्हा बॅशआरसीमध्ये एक्स्पोर्ट टर्म शोध. त्या केसच्या वर कुठेतरी असणार.

निमा_नौपाडा

कंस उलटा आहे हे मी वाचलंच नव्हतं! कचरा म्हणजे कचरा असंच धरून चालले होते.

कोपरी_के

कचरा वाचायचा असतो, त्यातच पत्ता असतो. आणखी एक ओळखून ठेवा: एस्केपच्या जागी शब्दशः बॅकस्लॅश आणि ०३३ दिसत असेल, तर टर्मिनलचा काही संबंध नाही. स्क्रिप्टमध्ये एकोला हायफन ई द्यायचं राहिलंय. तिथे प्रिंटएफ वापरा, प्रश्न मिटतो.

ऐरोली_साइड

सापडलं. बॅशआरसीच्या अगदी डोक्यावर, एक्स्पोर्ट टर्म=एक्सटर्म-२५६कलर. वर कमेंट: 'फॉर बेटर कलर्स'. ही ओळ टीमच्या सेटअप स्क्रिप्टने टाकली आहे. मी काढली तरी स्क्रिप्ट दर वेळी अपडेटला परत टाकते. टीममध्ये विचारलं तर उत्तर: 'सगळ्यांचं चालतंय की'. सगळे व्हीएस कोडवर आहेत.

खाडीचा_बोका

काही न बोलता फक्त मिशीवर ताव मारतोय.

मुलुंडचेकनाका_पार

सोपं आहे. त्या ओळीला अट घाल. इनसाइड_ईमॅक्स हे व्हेरिएबल भरलेलं असेल तर टर्म बदलू नकोस. ईमॅक्स ते स्वतः भरतो.

घणसोली_स्लो

नाही हो, असं केलंत तर माझ्यासारख्यांचं व्हीटर्म आंधळं होईल. त्यातही इनसाइड_ईमॅक्स भरलेलं असतं, पण तिथे एक्सटर्म हे खरंच आहे. अट घालायची तर किंमत बघून घाला. एम-एक्स शेलमध्ये ती '२७.१,कॉमिंट' अशी असते. कॉमिंट हा शब्द सापडला तरच टर्म डम्ब.

मुलुंडचेकनाका_पार

मान्य. हे लक्षात नव्हतं आलं.

बेलापूरचे_काका

पण अट घालणार कुठे? स्क्रिप्ट ओळ परत टाकते म्हणतोय तो.

ऐरोली, तुझ्या होम फोल्डरमध्ये डॉट ईमॅक्स_बॅश नावाची फाइल कर. एम-एक्स शेल सुरू झालं की ईमॅक्स ती फाइल असेल तर तिच्यातला मजकूर बॅशला आपणहून टाइप करून देतो. बॅशआरसी वाचून झाल्यानंतर. त्यामुळे वर कुणी काहीही करून ठेवलेलं असो, शेवटचा शब्द तुझा. आत लिही:

एक्स्पोर्ट टर्म=डम्ब
पीएस१ साधा, बॅकस्लॅश डब्ल्यू आणि डॉलर पुरे
एक्स्पोर्ट पेजर=कॅट
एक्स्पोर्ट गिट_पेजर=कॅट

पेजर म्हणजे लांब आउटपुट पानापानाने दाखवणारा प्रोग्राम, एरवी लेस. त्याच्या ओळी का, तर डम्ब असताना लेस तक्रार करतं की टर्मिनल पूर्ण कामाचं नाही, आणि एंटरची वाट बघत बसतं. बफरमध्ये वरखाली जाता येतंच, लेसची गरज नाही.

स्क्रिप्ट या फाइलला हात लावणार नाही, तिला तिचा पत्ताच नाही.

जांभळी_नाका

काका, दंडवत. इतकी वर्षं ईमॅक्स वापरून ही फाइल माहीत नव्हती.

पाम_बीच_पादचारी

पण मग रंगच गेले ना? ऐरोलीला कचरा नको होता, रंग हवे होते. डम्ब केल्यावर गिटचे रंग बंद, काकाच म्हणाले वर.

बेलापूरचे_काका

बरोबर पकडलंत. रंग हवे त्या त्या प्रोग्रामला नाव घेऊन सांगायचे. एलएसला हायफन हायफन कलर=ऑलवेज असा एलियास. गिटला कमांडवरच हायफन सी कलर.यूआय=ऑलवेज, तोही याच ईमॅक्स_बॅशमध्ये एलियास करून. गिटच्या जागतिक कॉन्फिगमध्ये मात्र ऑलवेज लिहू नका. मग गिटचं आउटपुट वाचणाऱ्या स्क्रिप्टांच्या पोटात एस्केप जातात आणि त्या कुठे मरतात ते शोधत बसावं लागतं.

टर्म डम्ब ठेवून नुसते रंग मागितले तर मुख्यतः एमने संपणारे हुकूम येतात, आणि तेवढे अ‍ॅन्सी-कलरला पचतात.

रबाळे_रंगारी

थोडं वेगळं लिहितो. मला लाल-हिरवा नीट वेगळा दिसत नाही, जन्मापासून. टेस्ट पास झाली का फेल हे सगळ्यांना रंगावरून कळतं आणि मला वाचावं लागतं. त्यामुळे 'रंग कसे आणू' या धाग्यांवर मी सहसा 'रंग कसे घालवू' हे शोधत येतो.

माहिती असावी म्हणून: नो_कलर नावाचा एक संकेत २०१७ पासून आहे. हे व्हेरिएबल भरलेलं असेल तर प्रोग्रामने रंग टाकू नयेत. बरीच नवी साधनं पाळतात, सगळी नाही. ग्रेडलला कन्सोल=प्लेन, डॉकर कंपोजला हायफन हायफन अ‍ॅन्सी नेव्हर, असे प्रत्येकाचे वेगळे नखरे.

पण ईमॅक्सवर मी टिकलो ते एका कारणासाठी. २८ पासून प्रत्येक अ‍ॅन्सी रंगाचा स्वतंत्र फेस (अक्षर कसं दिसावं त्याची नोंद) आहे, आणि रंग लावायची पद्धतही बदलता येते. अ‍ॅन्सी-कलरचा लाल मी तसा अधोरेखित करून टाकलाय. जिथे जिथे प्रोग्राम 'लाल' म्हणतो तिथे मला खाली रेघ दिसते. टर्मिनलमध्ये रंग बदलता येतो, पण लालच्या जागी रेघ मारून देणारं निदान मला तरी दुसरं काही सापडलं नाही.

निमा_नौपाडा

हे भारी आहे. रेघेची कल्पना आमच्या टीममध्ये एकाला सांगते, त्याचाही हाच प्रश्न आहे आणि तो बिचारा काही बोलत नाही.

खाडीचा_बोका

रंगारी, चेष्टा बाजूला. हे व्हीएस कोडमध्ये कसं करायचं मला खरंच माहीत नाही. शोधतो.

दिघा_गाव_हॉल्ट

उशिरा आलो, ट्रान्सहार्बर लोकलमध्ये उभा राहून वाचतोय. कोपरीच्या उलट्या कंसाला मोदक.

अवांतर: ऐरोलीच्या खाडीवर फ्लेमिंगो आलेत का? रविवारी पोरांना न्यायचंय.

जांभळी_नाका

आलेत. भरतीची वेळ बघून जा, ओहोटीला लांब चिखलात असतात आणि पोरं 'कुठेत, कुठेत' करून डोकं खातात. येताना ठाण्यात मामलेदार मिसळ. तिखट सोसत नसेल तर आधीच 'मीडियम' सांगा.

पाम_बीच_पादचारी

मीडियमसुद्धा मीडियम नसते हो ती. पोरांना साबुदाणा वडा द्या.

घणसोली_स्लो

मिसळीच्या तर्रीचा अ‍ॅन्सी कोड कोणता? ३१ की ०१;३१?

रबाळे_रंगारी

मला रेघ दिसते.

संपादक

मिसळीचा वेगळा धागा आहे, तिकडे वळावे. इथे फ्लेमिंगोपर्यंत चालवून घेतले.

ठाकुर्ली_ते_ठाणे

मिसळ संपली असेल तर एक विचारतो. माझं बॅशऐवजी झेडशेल आहे, प्रॉम्प्टला बाण, ब्रँच, घड्याळ सगळं. ईमॅक्समधून ट्रॅम्पने सर्व्हरवरची फाइल उघडायला गेलो की तो लटकतो. वेटिंग फॉर प्रॉम्प्ट, आणि मग काहीच नाही. हाच आजार का?

कोपरी_के

त्याच घराण्यातला. ट्रॅम्प पलीकडच्या शेलमध्ये शिरून प्रॉम्प्टची वाट बघतो, आणि तुझ्या प्रॉम्प्टमध्ये इतके एस्केप आहेत की त्याला तो ओळखूच येत नाही. सर्व्हरवरच्या झेडशेलच्या आरसी फाइलमध्ये सगळ्यात वर टाक: टर्म डम्ब असेल तर अनसेटऑप्ट झेडएलई, पीएस१ म्हणजे नुसता डॉलर आणि स्पेस, आणि लगेच रिटर्न. ट्रॅम्प स्वतः डम्ब म्हणूनच जातो, त्यामुळे तुझ्या रोजच्या लॉगिनमधली सजावट तशीच राहील. रिटर्न विसरू नकोस, नाहीतर खालची थीम येऊन पीएस१ परत बदलेल.

ठाकुर्ली_ते_ठाणे

चाललं!! अहो मी दर वेळी फाइल खाली आणून, बदलून, परत वर चढवत होतो.

सानपाडा_जुनाट

धागा वाचून जुने दिवस आठवले. आमच्या वेळी टेबलावर व्हीटी२२० होता, अंबर रंगाचा. हे सगळे हुकूम ज्याच्यामुळे घराघरात पोचले तो व्हीटी१००, डेक कंपनीचा, १९७८ चा. गंमत अशी की त्याला रंग नव्हतेच. ठळक, अधोरेखित, उलट आणि लुकलुकणारं, एवढीच त्याची श्रीमंती. हुकुमांचं प्रमाणपत्रक त्याच्याही आधीचं आहे, ईसीएमए-४८ ची पहिली आवृत्ती १९७६ ची.

आमच्याकडे कुणी बायनरी फाइल चुकून कॅट केली की आख्ख्या स्क्रीनवर रेघोट्या उमटायच्या, मग रिसेट टाइप करायचं, काय टाइप करतोय ते न दिसता. त्यामानाने ऐरोलीचा कचरा वाचता तरी येतो.

बेलापूरचे_काका

जुनाट, रिसेट अजूनही चालतं, अजूनही तसंच आंधळेपणाने टाइप करावं लागतं.

ऐरोली_साइड

अपडेट देतो.

ईमॅक्स_बॅश फाइल केली. शीर्षकाचा कचरा गेला, नाव एकदाच. सर्व्हरवरही डम्ब जातंय. स्क्रिप्टने परवा अपडेटमध्ये तिची ओळ परत टाकली, पण शेलवर परिणाम शून्य.

आता इनिट. कोपरी म्हणाला तसं शोधलं आणि हे सापडलं: कॉमिंट-आउटपुट-फिल्टर-फंक्शन्स या यादीतून अ‍ॅन्सी-कलर-प्रोसेस-आउटपुट काढून टाकलंय. लगेच खाली एक्सटर्म-कलर नावाचं पॅकेज लोड करायची ओळ आणि त्याचं फिल्टर लावायची अट, 'पॅकेज सापडलं तरच'. ते पॅकेज माझ्या मशीनवर नाही. ऑफिसच्या प्रॉक्सीमधून पॅकेज उतरतच नाहीत, आणि रिक्वायरला शेवटी टी दिल्यामुळे एररही नाही. म्हणजे जुनं काढलं गेलं, नवं आलंच नाही, आणि कुणी काही बोललंही नाही.

काढायची ओळ कमेंट केली. रंग आले.

कोपरी_के

बरोबर. ज्यांनी लिहिलं त्यांचं काही चुकलं नव्हतं. ते पॅकेज लावताना अ‍ॅन्सी-कलर काढायला त्याच्या माहितीतच सांगितलेलं असतं, दोघांनी एकाच आउटपुटवर काम करायचं नसतं. फक्त काढायची ओळही त्याच अटीच्या आत हवी होती. तशी कर आणि टीमला फाइल परत दे.

ऐरोली_साइड

तसंच केलं. टीमला दिली. 'कोण वापरतं ईमॅक्स?' असं उत्तर आलं.

एक राहिलंच. सर्व्हरवरच्या लॉग फाइलींमध्येच एस्केप लिहिले गेलेत. त्या उघडल्या की कचरा, कारण तो शेल नाही, फाइल आहे.

बेलापूरचे_काका

त्याला फिल्टर लागत नाही. फाइल उघडून सगळं निवड आणि अ‍ॅन्सी-कलर-अप्लाय-ऑन-रीजन. ही कमांड थेट एम-एक्सने मिळत नाही, एम-कोलनने पॉइंट-मिन आणि पॉइंट-मॅक्स देऊन चालव, किंवा चार ओळींचं फंक्शन करून ठेव. ध्यानात ठेव, ती एस्केप बफरमधून पुसते. नंतर चुकून सेव्ह केलंस तर मूळ लॉग बदलेल, म्हणून सेव्ह न करता बंद कर.

आणि जो प्रोग्राम हे लॉग लिहितोय त्याला गाठ. फाइलमध्ये लिहिताना रंग टाकायचे नसतात. स्प्रिंग बूट असेल तर स्प्रिंग.आउटपुट.अ‍ॅन्सी.एनेबल्ड मध्ये कुणीतरी ऑलवेज लिहिलं असणार, ते डिटेक्ट कर.

ऐरोली_साइड

स्प्रिंग बूटच आहे. आणि ऑलवेजच आहे. कुणी लिहिलं ते आता विचारत नाही.

निमा_नौपाडा

माझं कंपाइलचं राहिलंय हो! रुमाल टाकून बसलेय कधीची.

कोपरी_के

निमा, सॉरी. कंपाइल बफरमध्ये शेलचा फिल्टर चालत नाही, म्हणून एक्झॅक्टली तसाच कचरा. ईमॅक्स २८ किंवा पुढचं असेल तर कंपाइलेशन-फिल्टर-हुकला अ‍ॅन्सी-कलर-कंपाइलेशन-फिल्टर जोड, एवढंच. २७ वर हे फंक्शन नाही, तिथे त्याच हुकवर कंपाइलेशन-फिल्टर-स्टार्टपासून पॉइंटपर्यंत काकांचं अप्लाय-ऑन-रीजन चालवायचं.

नेक्स्ट-एरर उडी का मारत नाही तेही त्यातच. जीसीसी (कंपायलर) ओळीची सुरुवातच ^[[०१एम^[[के ने करतं, मग फाइलचं नाव. ईमॅक्स ओळीच्या सुरुवातीला फाइलचं नाव, कोलन, ओळ क्रमांक असं शोधतो, त्याला ते सापडत नाही.

पण मुळात हे येतंय कुठून? जीसीसी आपणहून डम्बवर रंग टाकत नाही.

निमा_नौपाडा

सीमेकच्या फाइलमध्ये हायफन एफ-डायग्नोस्टिक्स-कलर=ऑलवेज आहे. बिल्डला निन्जा वापरतो म्हणून कुणीतरी टाकलंय.

कोपरी_के

असणारच. निन्जा कंपायलरचं आउटपुट पाइपमध्ये गोळा करून मग दाखवतं, त्यामुळे कंपायलरला समोर टर्मिनल दिसत नाही आणि रंग बंद होतात. म्हणून लोक ऑलवेज टाकतात. ते राहू दे, टीममधल्या बाकीच्यांना हवं असणार. तू हुक लाव.

निमा_नौपाडा

लावला. ३०.१ आहे माझ्याकडे, एका ओळीत झालं. उडीही बसते आता. फक्त नोटच्या ओळी पांढऱ्या पार्श्वभूमीवर दिसत नाहीत, फिक्कट आकाशी येतात.

रबाळे_रंगारी

तो ३६, सियान. अ‍ॅन्सी-कलर-सियान फेस गडद करा. किंवा ईमॅक्सला हातही न लावता जीसीसी_कलर्स या व्हेरिएबलमध्ये नोट=०१;३४ लिहा, निळ्यात येतील. त्यात फक्त नोट लिहिलंत तरी एरर आणि वॉर्निंगचे मूळ रंग तसेच राहतात.

निमा_नौपाडा

फेसच बदलला. नोट वाचता येतायत. आता त्यांत काय लिहिलंय ते बघते, एरर अजून आहेतच.